मदत हवी आहे: स्कीइंगला कुठे जावं आणि कधी? लवकर सांगा प्लीज

मृद्गंध
नमस्कार. आम्हाला स्कीइंगला जायचंय. कुठे आणि कधी जावं? चार दिवस नुसती वाचत बसलेय आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. एक म्हणतो गुलमर्ग, दुसरा म्हणतो जॉर्जिया, तिसरा म्हणतो जपानसारखा बर्फ जगात कुठे नाही. घरी या आठवड्यात उत्तर द्यायचंय, तिकिटं रोज वर चाललीत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा, एक जागा आणि एक महिना सांगा. बर्फ नक्की मिळाला पाहिजे, बाकी काही अट नाही.

कडेकपारी
किती जण आहात, वयं काय, आधी कोणी स्की केलंय का, तारखा हलवता येतात का? हे कळल्याशिवाय कोणी जागा सांगितली तर ती त्याच्या ट्रिपची जागा असेल, तुमच्या नाही.

मृद्गंध
पाच जण, नवशिके. तारखा सुट्टीच्याच असणार ना. मला वाटलं बर्फ कुठे चांगला एवढंच बघायचं असतं.

उत्तरायण
गुलमर्ग. मी दोनदा गेलोय आणि पहिलं वळण तिथेच शिकलोय. गावच २,६५० मीटरवर आहे, समोर मोठं पसरट मैदान आणि त्याला लागून हलके उतार, नवशिक्याला पडायला याहून चांगली जागा नाही. तिथे भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, तिचे कोर्स असतात, खासगी इन्स्ट्रक्टर पण मिळतात. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत साधारण ३,०८० मीटर, दुसरा अफरवट डोंगराच्या बाजूला साधारण ३,९५० मीटर. उगाच परदेशात धावायची गरज नाही, आधी आपला हिमालय बघा.

भटकभवानी
उत्तरायण, कधी गेला होतात ते लिहा ना. बर्फ नक्की मिळाला पाहिजे ही त्यांची एकमेव अट आहे आणि तुम्ही त्यावर एक शब्द लिहिला नाहीत. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान तपकिरी पडलं होतं, फोटो सगळीकडे फिरत होते. २०२५च्या फेब्रुवारीत तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. मी स्वतः एका वर्षी डिसेंबरच्या शेवटी गेले होते, आठ दिवसांत दोन दिवस स्की पायात होत्या, तेही मातीतून दगड वर आलेल्या पट्ट्यावर. भाड्याच्या स्कीला खाली ओरखडे पडले म्हणून दुकानदाराशी वाद झाला तो वेगळाच.

उत्तरायण
दोन वर्षांचं उदाहरण घेऊन जागा वाईट ठरत नाही. मी दोन्ही वेळा फेब्रुवारीत गेलो होतो, मध्यापासून पुढे, आणि कमरेएवढा बर्फ होता. चिल्लई कलान २१ डिसेंबरला सुरू होतो, चाळीस दिवस कडाक्याची थंडी, मोठे बर्फ याच काळात आणि याच्या नंतर पडतात. तुम्ही तो जेमतेम सुरू झाल्यावर गेलात आणि दोष जागेला देताय.

भटकभवानी
तेच म्हणतेय मी, की महिना न सांगता जागा सांगू नका.

झुळूक
निसेको! जानेवारी! सायबेरियातून येणारे कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतात आणि होक्काइदोच्या डोंगरांना धडकले की तो सगळा बर्फ होऊन खाली. आन्नुपुरी डोंगर जेमतेम १,३०८ मीटर आहे तरी जानेवारीत बर्फ कमी पडला असं होत नाही, कारण तिथे उंचीवर नाही, वाऱ्यावर सगळं चालतं. आणि हलका इतका की फुंकर मारली तरी उडतो. मी गेल्यावर दुसरीकडे जायची इच्छाच राहिली नाही.

कडेकपारी
झुळूक, बर्फ अप्रतिम आहे याबद्दल दुमत नाही, पण पहिल्यांदा पायात स्की घालणाऱ्याला भुसभुशीत खोल बर्फ म्हणजे शिक्षा. स्की खाली बुडतात, वळत नाहीत, पडलं की उठायला दहा मिनिटं. नवशिक्याला हवा असतो मशीनने दाबून सपाट केलेला उतार. तो निसेकोतही आहे, पण मग ज्या गोष्टीसाठी तिथवर जायचं ती वापरायचीच नाही. @मृद्गंध, सुट्टी म्हणजे कुठली सुट्टी? नाताळ? मे? पाच जणांमध्ये लहान मूल आहे का?

वाटसरू_४२
बुटांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. स्कीचे बूट नेहमीच्या बुटांपेक्षा मोठे घेऊ नका, हीच चूक सगळे करतात. अंगठा पुढे जरासा टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की तो मागे सरकतो, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. मोजा एकच घालायचा, दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. पोटरीवर थर्मल पँटची घडी बुटात जाऊ देऊ नका, संध्याकाळी वळ उठतात. आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, सेट करताना दुकानात वजन विचारतात तेव्हा लाजून कमी सांगू नका, त्या आकड्यावरच पडल्यावर स्की सुटणार की नाही ते ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता, एवढं सगळं त्यात धरतात. सुटली नाही तर गुडघा जातो.

मृद्गंध
वाटसरू, धन्यवाद, पण मी बूट विचारले नव्हते, मला जागा ठरवायचीय :( 
सगळं सांगते. मी आणि नवरा, कधीच केलेलं नाही. मुलगी सात वर्षांची, तिने पण नाही. दीर दोनदा जाऊन आलाय, त्याला आता "पावडर", म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फातलं स्कीइंग, करायचीय आणि तो म्हणतो अफरवटच्या वरून खाली येऊ. सासरे ६६, गुडघे दुखतात, ते स्की करणार नाहीत, पण त्यांना सोबत न्यायचंच आहे. तारखा २४ डिसेंबर ते १ जानेवारी.

कडेकपारी
आता कळलं. हे आधी लिहिलं असतंत तर निम्मी उत्तरं आलीच नसती. तुमची ट्रिप दिरावरून ठरवू नका, मुलगी आणि सासऱ्यांवरून ठरवा. दिराला कुठेही एक दिवस गाइड घेऊन वेगळं जाता येईल, पण मुलीला पहिल्या दिवशी थंडी वाजली आणि रडून झालं तर सगळे पाच जण खोलीत बसणार. आणि नाताळचा आठवडा म्हणजे जगभर सगळ्यात जास्त गर्दी आणि त्यातला बर्फ सगळ्यात कमी भरवशाचा. तेव्हाच जायचं असेल तर एकच उपाय, उंच जागा. फ्रान्समध्ये वॅल थोरेन्सचं गावच २,३०० मीटरवर आहे, नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतं ते मेच्या सुरुवातीपर्यंत चालतं. नाहीतर स्वित्झर्लंडमधलं झरमाट, तिथे हिमनदीवर ३,८८३ मीटरपर्यंत केबल कार जाते आणि वर बाराही महिने स्की चालतं. आल्प्समध्ये हजार-बाराशे मीटरवरची गोंडस गावं फोटोत सुंदर दिसतात, डिसेंबरात तिथे कितीदा पाऊस असतो.

शेकोटी
कृत्रिम बर्फाच्या तोफा असतात ना आता सगळीकडे, मग काळजी कशाला?

कडेकपारी
तोफेला पण थंडी लागते. हवा शून्याच्या खाली दोनेक अंश आणि कोरडी असेल तर जमतं, दमट आणि उबदार असली की तोफ नुसतं पाणी फवारते. नाताळात ऊब आली तर तोफाही उभ्याच.

गिरिजात्मज
जॉर्जियातलं गुदौरी कोणीच नीट सांगितलं नाही. वर ३,२७९ मीटर, खाली दोन हजारच्या आसपास, सगळं उघडं रुंद मैदानासारखं, नवशिक्यांचे उतार लांबच लांब. मी मुलांना घेऊन मार्चमध्ये गेलो होतो, ऊन होतं, मुलं दुपारपर्यंत बाहेर. फक्त एक गोष्ट, झाडं नाहीत, वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद पडतात, आणि मोठा बर्फ झाला की खिंडीचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने बंद ठेवतात. परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस हातात ठेवा.

उत्तरायण
पुन्हा परदेश. उत्तराखंडातलं औली का नाही मग? गढवाल मंडळ विकास निगमाचे सात दिवसांचे आणि चौदा दिवसांचे कोर्स आहेत, उतार सोपे, समोर नंदादेवी. सात वर्षांच्या मुलीला तर औलीच.

भटकभवानी
औलीबद्दल एक, २०२३च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला होता. सासऱ्यांना घेऊन जाताय तर रस्त्याने वर जावं लागेल की रोपवे आहे, हे आधी फोन करून विचारा, फोटो बघून समजू नका.

आणि मृद्गंध, दिराचं अफरवट. हे मी कळकळीने सांगतेय. दुसऱ्या टप्प्याच्या वर मशीन फिरवून दाबलेला उतार नाही, तो अख्खा डोंगर उघडा आहे. २०२३च्या १ फेब्रुवारीला तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, २०२४च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीअर गेला. ते काही नवशिके नव्हते. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय, गाइडशिवाय, आणि बर्फात गाडलेल्याला शोधणारं यंत्र, काठी आणि फावडं प्रत्येकाकडे असल्याशिवाय दिराला वर जाऊ देऊ नका. दोनदा जाऊन आलेला माणूस म्हणजे बारा-चौदा दिवस स्की केलेला माणूस.

झुळूक
भीती घालू नका ना, हजारो लोक जातात.

भटकभवानी
जातात, आणि यंत्र घेऊन जातात. मी भीती नाही घालत, त्यांच्या घरात लहान मूल आहे.

उत्तरायण
इथे मी भटकभवानीशी सहमत आहे. मी स्वतः दुसऱ्या टप्प्यावर फक्त बघायला गेलो होतो. सासऱ्यांनाही तिथे नेऊ नका, अचानक ३,९५० मीटरवर चढलं की डोकं दुखतं, दम लागतो. पहिला टप्पा पुरे. आणि पोचल्याच्या दिवशी काही करू नका, गाव स्वतःच अडीच हजारच्या वर आहे.

पावसाळी
तारीख हलत असेल तर वर्षाच्या मधल्या महिन्यांचा विचार करा, दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हिवाळा असतो. न्यूझीलंडला क्वीन्सटाउनजवळ कोरोनेट पीक, चिलीत पोर्तिलो आणि वाये नेवादो. आम्ही ऑगस्टमध्ये केलंय. आणि जायच्या आधी मुलीला बर्फ आवडतो की नाही ते बघायचं असेल तर दुबईत बंद छताखाली स्की आहे, २००५ पासून चालू, सगळ्यात लांब उतार ४०० मीटर. दोन तास पायात स्की घातल्या की घरातलं मत लगेच कळतं.

मृद्गंध
पावसाळी, ऑगस्टमध्ये शाळा असते. दुबईचं मात्र लक्षात ठेवते.
बाकी सगळ्यांना, मी काल चिडून लिहिलं त्याबद्दल सॉरी. नवऱ्याशी बोलले. खरं म्हणजे डिसेंबर हा फक्त दिराच्या ऑफिसमुळे धरला होता, आम्हाला फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा जमतो, मुलीच्या शाळेतून चार दिवस सुट्टी मिळेल असं बाईंनी सांगितलंय. मग बदलतं का काही?

कडेकपारी
सगळंच बदलतं! फेब्रुवारीच्या शेवटी जमिनीवर हिवाळाभराचा थर साठलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो, मुलं गारठत नाहीत. फक्त फ्रान्स टाळा, तेव्हा तिथल्या शाळांच्या सुट्ट्या भाग पाडून एकामागून एक असतात आणि लिफ्टला रांगा लागतात. तुमच्या पाच जणांना मी गुलमर्ग किंवा गुदौरी म्हणेन. गुलमर्ग घेतलंत तर परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या, आणि निघायच्या आधी दहा दिवस रोज तिथला ताजा फोटो बघा, हवामानाच्या अंदाजावर जाऊ नका.

वाटसरू_४२
आणि गॉगल. उन्हात बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत वर येतात, मुलीच्या हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीसुद्धा क्रीम लावा.

गिरिजात्मज
विमा घेताना त्यात स्कीइंग स्पष्ट लिहिलंय का बघा, बऱ्याच पॉलिसीत आखलेल्या उताराबाहेर गेलं की काहीच मिळत नाही. दिरासाठी वेगळं वाचा.

मृद्गंध
दिराला हा धागाच पाठवला. तो गप्प आहे, पण गाइड घेईन म्हणाला. गुलमर्गकडे कल आहे आमचा. सासऱ्यांना विचारलं बाबा तुम्हाला काय हवंय, तर म्हणाले मला फक्त बर्फ पडताना बघायचाय, आयुष्यात बघितला नाही. हे मी कोणाला विचारलंच नव्हतं इतके दिवस.

उत्तरायण
मग गुलमर्गच. चारी बाजूंनी पाइन आणि फर आहेत. बर्फ पडायला लागला की झाडांमुळे तो दिसतो तरी, उघड्या डोंगरावर सगळं पांढरं होतं आणि समोर काय चाललंय तेच कळत नाही. खोली मैदानाच्या बाजूची मागा, जंगलाकडे तोंड असलेली. त्यांना खिडकीत खुर्ची टाकून द्या.

भटकभवानी
आणि चालताना बुटांना खाली दाते लावायचे पट्टे मिळतात ते त्यांच्यासाठी न्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला सकाळी गोठलेल्या रस्त्यावर चालणं स्की करण्यापेक्षा धोक्याचं.

मृद्गंध
लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न, मुलीला तिथली दोरीची लिफ्ट झेपेल का? ती जरा बुटकी आहे.

उत्तरायण
पहिले दोन दिवस लिफ्ट नकोच. इन्स्ट्रक्टरला सांगा पायी चढवा, दहा पावलं वर, तिथून खाली.