मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याची पहिली टाकी कोणती घ्यावी?

नमस्कार,

गोड्या पाण्यातले मासे आमच्या घरी बऱ्याच वर्षांपासून आहेत. गप्पी-मॉलीपासून सुरुवात झाली आणि सध्या तीन फुटी टाकीत एंजलफिश सुखाने नांदत आहेत. दिवाळीनंतर खाऱ्या पाण्याची पहिली टाकी सुरू करावी, असे मी आणि माझ्या मुलीने ठरवले आहे. वाचन पुष्कळ झाले. परंतु बहुतेक माहिती थंड हवेच्या देशांतील लोकांनी लिहिलेली असल्यामुळे डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, एसी नसलेल्या दिवाणखान्याला ती कितपत लागू पडते, हे समजत नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिली, एक फुटाची चौकोनी टाकी, साधारण २८ लिटरची, दिवा आणि फिल्टर आतच बसवलेली. नवशिक्याने लहान टाकीपासूनच सुरुवात करावी, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. दुसरी बनवून घ्यावी लागेल : दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरल्यास १२७ लिटर. तिसरी, चार फुटी, एका परिचितांकडे वापराविना पडून आहे आणि ते ती खडक व वाळूसकट जवळजवळ फुकट देत आहेत; मात्र तिच्यात पूर्वी माशांच्या रोगावर तांब्याचे औषध वापरले होते, असे त्यांनीच सांगितले.

आम्हाला प्रवाळ पाळायचे नाहीत. विदूषक माशांची (क्लाउनफिश) एक जोडी, आणि झेपल्यास आणखी एक-दोन लहान मासे, एवढीच अपेक्षा आहे. तरीही दुकानदाराने ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जिवाणू वसलेला खडक) अत्यावश्यक असल्याचे सांगितले आणि समुद्रघोडेही मागवून देतो म्हणाला, तेव्हा थोडी शंका आली. कोणती टाकी घ्यावी, मे महिन्यातील उकाड्याचे काय करावे, घरातल्या आरओचे पाणी चालेल का, आणि कोणत्या सामानावर खर्च करणे खरोखर गरजेचे आहे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मधली टाकी घ्या. लहान टाकी स्वस्त पडते हे खरे. पण ती सोपी असते, हा गैरसमज आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते, त्यामुळे २८ लिटरमधून एक लिटर पाणी उडाले की दर हजारी ३५ असलेली क्षारता ३६च्या पुढे जाते. तेवढेच पाणी १२० लिटरमधून उडाले, तर ती ३५.३ होते. पंख्याखालच्या टाकीतून उन्हाळ्यात एवढे पाणी कमी व्हायला फार वेळ लागत नाही. शिवाय लहान टाकीत एखादा मासा रात्री मरून खडकाआड राहिला, तर सकाळपर्यंत अमोनिया इतरांच्या जिवावर उठू शकतो. घट भरून काढताना मात्र नेहमी गोडे, शुद्ध पाणीच घालावे. काचेवर पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टीची बारीक पट्टी लावून ठेवली की रोज सकाळी किती पाणी घालायचे ते एका नजरेत कळते.

चार फुटी टाकीची काच स्वच्छ धुऊन वापरता येईल, परंतु तिच्यातले खडक आणि वाळू घेऊ नका. ती तांबे शोषून ठेवतात आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडतात; माशांचे कदाचित निभावेल, पण कोळंबी, गोगलगाई, शंखातले खेकडे टिकणार नाहीत. त्यातच अडीचशे लिटर पाण्याचे मीठ आणि त्या मापाचा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) हे सगळे पहिल्याच टाकीसाठी घ्यायचे म्हणजे फुकटची टाकी चांगलीच महागात पडेल.

उकाडा हा आपल्याकडचा खरा प्रश्न. या माशांना २५ ते २७ अंश पाणी मानवते. मे महिन्यात तुमच्या दिवाणखान्यात ३३ अंश असतील, तर पंप आणि दिव्याच्या उष्णतेमुळे पाणी सहज ३० अंशांपलीकडे जाईल. अशा पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. पाण्यावर पंखा सोडल्याने तापमान उतरते ते बाष्पीभवनामुळे, आणि दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते. म्हणून चिलरचे पैसे आधीच बाजूला काढून मगच उरलेल्या सामानाचा विचार करावा. चिलर स्टँडच्या बंद कपाटात मात्र ठेवू नका. स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा तो परत ओढतो. पैसे वाचवायचे असतील तर प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे उपकरण) सध्या राहू द्या. दोन-तीन लहान माशांच्या टाकीत दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे बारा लिटरच्या आसपास पाणी बदलत राहिल्यास त्यावाचून अडत नाही. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट तपासण्याचे संच आणि पाणी फिरवणारा चांगला वेव्हमेकर यांत मात्र काटकसर नको.

घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर असतो, किंवा वेगळी खनिजे घातलेली असतात. ते पाणी तसेच वापरल्यास शेवाळ फोफावते. कंट्रोलर पूर्ण बंद करून पुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडून घ्या आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्यावरच त्या पाण्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने, विरघळवा.

तुमची शंका रास्त आहे. समुद्रघोडे, खडक घडवणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ हा बहुतांशी प्रवाळाचाच सांगाडा असतो, तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, त्याच्या वाटेला जाऊ नये. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक मिळतात. त्यांच्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला वेळ लागतो, एवढाच फरक. विदूषक मासेही टाकीत पैदास झालेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच विकसित केलेले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचे कारण उरत नाही. पैदास केलेले मासे दाणे लगेच खातात. समुद्रात ते ज्याच्या आश्रयाने राहतात त्या समुद्रफुलावाचूनही (सी ॲनिमोन) ते मजेत राहतात.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. फक्त चिलरच्या बाबतीत गाव पाहून ठरवावे, असे वाटते. मी पुण्यात असतो. येथे एप्रिलची हवा कोरडी असल्यामुळे दोन लहान पंख्यांवर माझे काम भागते, उलट डिसेंबर-जानेवारीत हीटर लावावा लागतो. डोंबिवलीत मात्र चिलरला पर्याय नाही. आणखी एक : निळे डॅमसेल मासे स्वस्त मिळतात म्हणून आधी तेच सोडू नका. ते टाकीवर हक्क सांगतात आणि नंतर आलेल्या माशांना कोपऱ्यातून बाहेर पडू देत नाहीत. निळा सर्जनमासा तर एक फुटापर्यंत वाढतो, मुलीने कितीही हट्ट केला तरी या टाकीत तो नको. तिसरा मासा म्हणून फायरफिश सुंदर दिसेल. पण तो उडी मारतो, वर जाळी हवीच.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. १२७ लिटरची टाकी नक्की केली. दोन शंका उरल्या आहेत. माझी नणंद गुहागरला असते, तिच्याकडून समुद्राचे पाणी कॅनमधून आणता येईल का? आणि मासे सोडण्याआधी टाकी किती काळ रिकामी चालवावी?

प्रतिसाद १

ताई, ते पाणी दर आठवड्याला आणणे होणार नाही, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याजवळची क्षारता किती उतरली असेल याचा भरवसा नसतो. गाळ आणि परजीवी येतात ते वेगळेच. मिठाचेच पाणी करा.

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे धरून चाला. बाजारातली एक सोललेली कोळंबी जुन्या पातळ मोज्यात बांधून पाण्यात सोडा. ती कुजू लागली की अमोनिया वाढेल, मग नायट्राइट, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. वास येईल, खिडकी उघडी ठेवा. मध्येच वाळूवर तपकिरी साय धरते, ती सिलिकेटवर वाढणाऱ्या डायटम या सूक्ष्म शेवाळाची असते आणि आपोआप ओसरते. घाबरून सगळे धुऊन काढू नका. दिवाळीनंतर सुरुवात केलीत, तर उन्हाळ्याआधी टाकी स्थिरावलेली असेल. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप मात्र पहिला मासा आणण्याआधी घरात असू द्या.