मदत हवी आहे: जुन्या ९११ एससीला करेराचे चेन टेन्शनर

मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे १९७९ ची पोर्शे ९११ एससी आहे, तीन लिटरचं एअर-कूल्ड इंजिन. सकाळी थंड इंजिन चालू केलं की डावीकडून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, मिनिटभरात विरतो. टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) जुना टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, दमला असावा. तो निकामी झाला तर चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून गाडी सध्या उभीच आहे.

१९८४ च्या ३.२ करेरापासून (एससीनंतरचं ९११ चं मॉडेल) इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले. तेच बसवायचेत. किट आणलंय: दोन टेन्शनर, तेलाच्या नळ्या, चेनबॉक्सची (चेनभोवतीच्या कव्हरची) नवी झाकणं. अडलंय ते आयडलर आर्मपाशी, म्हणजे टेन्शनर ज्याला रेटून चेन ताणतो त्या दांड्यापाशी. माझे आर्म जुने, अरुंद आहेत. १९८० नंतरचे रुंद. जुन्यांवर स्पेसर (जागा भरणारी कडी) लावून भागेल की नवेच घ्यावेत? तिथे काटकसर नको असं मन सांगतं, पण खिसा ऐकत नाही!

शिवाय इंजिन न उतरवता, फक्त मफलर आणि मागचा पत्रा काढून हे कुणी केलंय का? चेन सैल असताना कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरू नये म्हणून काय केलंत? फोटो असतील तर टाका.