रेडवुडच्या राईत धावावं का? (चर्चेचा धागा)

कृष्णाकाठची

परवा रविवारी आईला घेऊन इथे कॅलिफोर्नियात फेल्टनजवळच्या हेन्री कॉवेल पार्कात गेले होते. आई मे महिन्यात सांगलीहून आलीय, वय ७२. तिथली जुन्या रेडवुडची (आभाळाला भिडणारी सूचिपर्णी झाडं) राई म्हणजे जेमतेम सव्वा किलोमीटरची गोल, सपाट वाट. व्हीलचेअरसुद्धा सहज जाते. सगळ्यात उंच झाड २७७ फुटांच्या आसपास आहे. आई मान वर करून शेंडा शोधत होती (सापडत नाही, मी दर वेळी बघते), तेवढ्यात मागून दहा-बारा जणांचा घोळका धावत आला. "ऑन युअर लेफ्ट!" म्हणून ओरडत, म्हणजे 'तुमच्या डावीकडून पुढे जातोय'. आईला इंग्रजी कळतं. तिला 'लेफ्ट' ऐकू आलं आणि ती सरळ डावीकडे सरकली.

कठडा होता म्हणून पडली नाही. एकजण "सॉरी मॅम" म्हणाला, तोही न थांबता.

तर माझं मत: जुन्या राईत धावायला सरळ बंदी हवी. रेडवुडची मुळं खोल जात नाहीत, सहा ते बारा फूट फार तर. पण आडवी शंभरेक फुटांपर्यंत पसरतात, शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वरची माती दाबली गेली की त्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही. किनाऱ्यावरच्या मूळ रेडवुड जंगलातलं पाच टक्के उरलंय. तेवढं तरी सोडा. खाली सॅन लोरेंझो नदीच्या काठाने वाट आहे, डांबरी पाइपलाइन रोड आहे, तिकडे हवं तेवढं पळा की.

पळपुटा

आईंना लागलं नाही ना? त्या घोळक्यात मी नव्हतो, पण पळणाऱ्यांच्या वतीने माफी मागतो. मागून येऊन वयस्कर माणसाच्या कानाशी ओरडणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

पण ताई, तुम्ही दोन भांडणं एका पिशवीत घातलीत. राग आलाय धक्क्याचा आणि साक्षीला आणलीत मुळं. त्या गोल वाटेवरची माती कित्येक वर्षांच्या पावलांनी आधीच घट्ट झालीय, म्हणून तर व्हीलचेअर जाते. तिथे मी चाललो काय नि धावलो काय. उलट धावणाऱ्याचं पाऊल लांब पडतं, दर मीटरला पावलं कमी!

खरं नुकसान कुठे होतं ते पाहा. हायपेरियन, जगातलं सर्वांत उंच झाड, जवळपास ११६ मीटर, २००६ मध्ये सापडलं. पत्ता गुप्त ठेवला होता, पण इंटरनेटवर फुटला. तिथे वाटच नव्हती. लोक झाडीतून घुसत गेले, बुंध्याभोवतीचे नेचे (फर्न) तुडवून नाहीसे केले, बाकीची घाण केली ती वेगळी. शेवटी २०२२ मध्ये रेडवुड नॅशनल पार्काने तो भाग बंद केला. आता पकडलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तिथे गेलेले बहुतेक सगळे चालतच गेले होते, हातात फोन घेऊन. मुद्दा वाट सोडण्याचा आहे, वेगाचा नाही.

गुडघेदुखी

पळपुटा यांचा हिशेब अर्धाच आहे. पावलं कमी पडतात हे खरं, पण प्रत्येक पाऊल अंगाच्या वजनाच्या दोन-अडीचपट जोराने पडतं. माझ्या गुडघ्यांना विचारा. आणि समोरून माणसं आली की पळणारा थांबत नाही, कडेने मातीत उतरून पुढे जातो. चालणारा थांबून "या" म्हणतो. वाट सोडतं कोण मग?

पळपुटा

हा मुद्दा मान्य. कडेने मीही उतरलोय. खोटं कशाला बोलू?

खडूस माळी

मी दोघांच्याही विरुद्ध आहे.

आधी कृष्णाकाठची यांच्यासाठी. "नदीकाठाने हवं तेवढं पळा" हे कुणी सांगितलं? नदीला जणू कुणी राहतच नाही! सॅन लोरेंझोत स्टीलहेड ट्राउट मासा समुद्रातून वर चढून येतो, तोही संरक्षित आहे. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत मादी शेपटीने गोटे उडवून नदीच्या तळाशी खळगा करते, त्यात अंडी घालते, वर खडी ओढते. अंडी त्या खडीत कित्येक आठवडे असतात. पार्कातून पलीकडे रिंकनच्या बाजूला जायला नदी ओलांडावी लागते, पूल नाही. पाणी जरा उतरलं की पळणारी मंडळी बुटांसकट त्याच उथळ खडीतून धबाधबा जातात, वर फोटो. राईतल्या घट्ट वाटेपेक्षा मला त्या चार पावलांची जास्त काळजी वाटते.

आता पळपुटा. "माती आधीच घट्ट झालीय" म्हणजे बिघडलंच आहे तर बिघडू दे? अगदी उत्तरेला जेडेडाया स्मिथ पार्कात ग्रोव्ह ऑफ टायटन्स ही जुनी राई आहे. तिथेही हायपेरियनसारखंच झालं होतं. त्यांनी बंदी नाही घातली, जमिनीपासून उचललेली वाट बांधली. माणसं वरून जातात, खाली नेचे परत येतात. पैसा लागतो, पण उपाय आहे.

अवांतर: रेडवुडची साल फूटभर जाड असू शकते. २०२० च्या वणव्यात जवळच्या बिग बेसिन पार्काचा ९७ टक्के भाग पोळला, तरी जुनी झाडं बुंध्यातून फुटली. त्यामुळे "ही झाडं कशालाच भीत नाहीत" असं म्हणणारे भेटतात. आगीला भीत नाहीत. बुटांचं वेगळं आहे, कारण मुळांना तशी साल नाही.

कृष्णाकाठची

माशांचं ठाऊक नव्हतं. नदीचं वाक्य मागे घेते. पाइपलाइन रोडचं घेत नाही, तो डांबरी आहे.

बे_एरिया_बंडू

मंडळी, या चर्चेत निसीन मार्क्सच्या जंगलाचं नाव कुणीच कसं घेत नाही? ॲप्टॉसजवळ. १८८३ ते १९२३ अशी चाळीस वर्षं ते खोरं तोडून मोकळं केलं होतं. आज उभं आहे ते जवळजवळ सगळं त्यानंतर वाढलेलं. ॲप्टॉस क्रीकच्या कडेने जुना रुंद रस्ता जातो, सावली भरपूर, १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचं केंद्र त्याच जंगलात. लाँग रनला याहून चांगली जागा नाही. जुन्या राईत आईवडिलांना न्या आणि पळायला इकडे या. भांडण संपलं.

खडूस माळी

संपलं कसं? शंभर वर्षांचं जंगल म्हणजे सेकंडहँड माल, हवा तसा वापरा, असं आहे का? पुढच्या हजार वर्षांनी जुनी राई कुठून येणार, बंडोपंत? हेन्री कॉवेलमधली मोठी झाडं पंधराशे वर्षांची आहेत. तीही कधीतरी शंभर वर्षांची होती.

बे_एरिया_बंडू

मग पळायचं कुठे? ट्रेडमिलवर?

देवराई

पुण्याहून वाचतोय, तिकडे कधी आलेलो नाही. पण आमच्या मुळशीकडच्या एका देवराईत गेलो की गावचा माणूस चपला बाहेर काढायला लावतो आणि आवाज खाली घ्यायला सांगतो. चपलांनी झाडाला काय होतं, असं त्याला कुणी विचारत नाही. कृष्णाकाठची यांना बहुतेक हेच म्हणायचं होतं, मुळांचं शास्त्र नंतर आलं. काही जागी सावकाशच जायचं असतं.

पळपुटा

देवराई, तुमचा मुद्दा मनाला पटतो, पण त्यात एक गोम आहे. पळणं म्हणजे अनादर, हे ठरवलं कुणी? मी तिथे अकरा वर्षं जातोय. सकाळी सातला राईत कुणी नसतं, धुकं वर अडकलेलं असतं, फांद्यांवरून टपटप गळत असतं. पाऊस नसलेल्या उन्हाळ्यात या झाडांना बरंच पाणी त्या धुक्यातूनच मिळतं. वाटेवर पिवळीजर्द बिनकवचाची गोगलगाय, इथली बनाना स्लग, ती दिसली की मी थांबतो. मग चढ लागतो, झाडी संपते आणि एकदम पायाखाली वाळू! डोंगराच्या डोक्यावर समुद्रकिनाऱ्यासारखी पांढरी वाळू, जुन्या समुद्रतळाची, तिच्यात पॉन्डेरोसा पाइन उभे. घोट्यापर्यंत पाय रुततात, शिव्या तोंडात येतात. हे सगळं एका सकाळी अंगावरून जातं ते धावल्यामुळेच. माझी पूजा धापा टाकत होते, एवढंच.

आणि परंपरेचंच म्हणाल तर डिप्सी ही डोंगरवाटेची शर्यत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्युर वुड्स या रेडवुडच्या जंगलातून १९०५ पासून होतेय. तिथे लहानांना नि म्हाताऱ्यांना वयाप्रमाणे आधी सोडतात, म्हणून २०१० मध्ये आठ वर्षांची मुलगी जिंकली आणि २०१२ मध्ये ७२ वर्षांचा माणूस. कृष्णाकाठची, आईंचं वय किती म्हणालात?

गुडघेदुखी

=)) आईंचं नाव नोंदवा.

पण गंभीरपणे, डिप्सी वर्षातून एकदा असते. इथे दर रविवारी दहा-बारा जणांचे गट येतात. एकटा पळपुटा सकाळी सातला आला तर कुणाचं काही बिघडत नाही. अकराला, बाबागाड्या नि आजी-आजोबांच्या गर्दीत, गट करून येणं हा प्रश्न आहे. म्युर वुड्सला २०१८ पासून पार्किंगचं आधी आरक्षण करावं लागतं, गर्दी त्याने बरीच आटोक्यात आली. तसं इथे धावणाऱ्या गटांना वेळ ठरवून द्या.

कृष्णाकाठची

सकाळचं मला चालेल. बंदीवरून वेळेवर आले, लिहून ठेवा. पण नियम नसेल तर तो घोळका पुढच्या रविवारी अकरालाच येणार, आणि तेव्हा पळपुटा तिथे माफी मागायला नसणार. देवराई यांनी माझ्या मनातलं ओळखलं. मुळांचं मी खरंच घरी येऊन वाचलं.

आईला हा धागा वाचून दाखवला. तिला पुन्हा जायचंय, शेंडा बघायचा राहिलाय. तिचा एकच प्रश्न आहे: मागून "लेफ्ट" ऐकू आलं की नक्की कुठल्या बाजूला व्हायचं?

बे_एरिया_बंडू

काकूंना सांगा, कुठेच व्हायचं नाही. मधोमध चालायचं. ज्याला घाई असेल तो जाईल कडेने.

खडूस माळी

कडेने नको हो! नेचे कडेलाच आहेत.