आजोबांची नाणी इंग्लंडला पाठवायची आहेत: शुल्क किती, मर्यादा कोणती?

सातारकर
आजोबांनी जमवलेली साठेक नाणी माझ्याकडे आहेत. त्यांत अकरा शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये, सहाव्या जॉर्जची काही नाणी, बडोदा संस्थानचे १९४८ सालचे एक नाणे आणि १९६४ च्या नेहरू रुपयापासूनची स्मारक नाणी आहेत. लंडनजवळ राहणाऱ्या पुतण्याला या छंदाची गोडी लागल्यामुळे हा ठेवा त्याच्या वाढदिवसाला पाठवावा, असे घरात ठरले आहे. कुरिअरवाल्याने 'भेटवस्तू' असे लिहून किंमत कमी दाखवण्याचा सल्ला दिला. तो मला पटला नाही. तिकडे शुल्क किती लागेल आणि दोन पार्सले केल्यास ते वाचेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टाकसाळ
शुल्काचा विचार करण्यापूर्वी ही नाणी देशाबाहेर जाऊ शकतात का, ते पाहा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे हा 'पुरावशेष' ठरतो आणि त्याची निर्यात केंद्र सरकार किंवा सरकारने अधिकृत केलेली संस्था यांच्याखेरीज कोणालाही करता येत नाही. येथे किमतीचा संबंधच नाही. बाजारात शिवराई किरकोळ भावाने मिळत असली, तरी 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे असलेले ते तांब्याचे नाणे भेट म्हणूनही पाठवता येणार नाही. या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे, त्यामुळे कुरिअरवाल्याचा सल्ला मानला नाहीत, हे उत्तम केलेत.

पंचम जॉर्जचे रुपयेही घरीच ठेवावे लागतील. त्याचा चलनातला रुपया १९२२ नंतर पाडलाच गेला नाही, म्हणजे त्या सगळ्यांनी शंभरी ओलांडली आहे. त्याचे आणे आणि पैसे मात्र १९३६ पर्यंत पाडले जात होते. तशी नाणी असतील, तर प्रत्येकावरचे साल भिंगाखाली वाचून घ्या.

बडोद्याच्या नाण्याबाबत तुमची गफलत झाली असावी. सयाजीरावांच्या नाण्यांवर देवनागरीत जे १९४८ दिसते, तो विक्रम संवत असून इसवी सनाचा हिशेब केल्यास ते साधारण १८९१ येते. या आकड्याने भलेभले फसतात.

थेम्सकाठचा मराठी
सहाव्या जॉर्जची आणि स्वातंत्र्यानंतरची नाणी पाठवलीत, तर इकडचे नियम असे आहेत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला वाढदिवसासारख्या निमित्ताने पाठवलेली, ३९ पौंडांपर्यंतची भेट करमुक्त असते. त्यापुढे व्हॅट लागतो आणि १३५ पौंडांच्या पुढे सीमाशुल्काचा प्रश्न येतो. व्हॅटची आकारणी करताना नाण्यांच्या किमतीत टपालखर्च आणि विमाही मिळवतात, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

तुमच्या बाबतीत खरा फरक पडेल तो वर्णनाने. नाणेशास्त्रीय महत्त्वाच्या संग्राह्य वस्तू सीमाशुल्क वर्गीकरणात ९७०५ या शीर्षाखाली येतात. त्यांच्यावर सीमाशुल्क नाही आणि व्हॅटही २० ऐवजी ५ टक्के आहे. पार्सलासोबतच्या सीमाशुल्क निवेदनपत्रावर नुसते 'धातूच्या वस्तू' असे लिहिले, तर पूर्ण दराने आकारणी होण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक नाण्याचे साल, मूल्य आणि धातू लिहिलेली यादी छायाचित्रांसह जोडा. किंमत कमी दाखवणे हे खोटे निवेदन तर आहेच, शिवाय पार्सल हरवले, तर भरपाईही त्या कमी किमतीच्या हिशेबानेच मिळेल.

टाकसाळ
एक पुरवणी जोडतो. दोन पार्सले केल्याने नाण्यांचे वय बदलत नाही, एवढे त्या प्रश्नाचे उत्तर पुरे. शिवराईच्या आधुनिक प्रतिकृती मात्र पाठवता येतील. त्या जुन्या दिसत असल्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घेतलेला बरा. सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे, चौकशीला तिथूनच सुरुवात करावी. आणि पार्सलाची नोंदणी करण्यापूर्वी, नाणी स्वीकारतात का, हे लेखी विचारा; बऱ्याच कुरिअर सेवा नाणी घेतच नाहीत.

सातारकर
भिंगाने पाहिले. बडोद्याच्या नाण्यावर खरोखरच देवनागरी आकडे आहेत. ते, शिवराया आणि रुपये आता इथेच राहतील. पुतण्याने त्या बदल्यात मला काही जुन्या ब्रिटिश पेनी पाठवायचे ठरवले आहे. आपल्याकडे पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला सूट आहे ना?

टाकसाळ
ती सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली. टपालाने किंवा कुरिअरने येणारी भेट आता पूर्ण शुल्क भरूनच सोडवता येते आणि तेही वाहतूक व विमा धरून काढलेल्या मूल्यावर. वाहतुकीचा खर्च कळत नसेल, तर मालाच्या किमतीच्या २० टक्के रक्कम त्यापोटी धरतात. तेव्हा पुतण्याला खरेदीची पावती पार्सलाच्या बाहेरच्या बाजूला पाकिटात लावायला सांगा. अपवाद दोनच उरले आहेत, जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतच्या भेटवस्तूंना मात्र ती सवलत नाही.