प्रिलिमला भूमितीच्या पेपरात डोकं एकदम ब्लँक झालं, बोर्डाला असंच झालं तर?

कर्कटक_हरवला
नमस्कार, मी यंदा दहावीला, स्टेट बोर्ड, मराठी मीडियम. घरी पुस्तक उघडलं की सगळं येतं, पायथागोरसचं प्रमेय तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण प्रिलिमला भूमितीचा पेपर हातात आला आणि पहिल्याच बहुपर्यायी प्रश्नाला हात गार पडले, समरूप त्रिकोण समोर आहेत आणि कुठली बाजू कुठल्या बाजूशी जोडायची हेच सुचेना, मग तिथेच अडकलो ते अडकलोच. ४० पैकी १४. बीजगणितात ३१ आहेत म्हणजे अगदीच ढ नाहीये मी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसतोय, पप्पा रोज विचारतात किती धडे झाले, वर शेजारचे काका आले की त्यांचं टर्निंग पॉइंट पुराण सुरू. काय करू? आणि प्लीज मेडिटेशन सांगू नका, डोळे मिटले की पेपरच दिसतो.

निवृत्त_मास्तर
बाळा, तुला येतंय ते वाचून येतंय. पुस्तक समोर उघडं असताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि आपण म्हणतो झालं, येतंय. पेपरात ओळखायचं नसतं, कोऱ्या कागदावर स्वतःहून काढायचं असतं, आणि त्याची सवय तुझ्या हाताला नाही. पुस्तक मिट, प्रमेय आकृतीसकट लिहून काढ, मग उघडून ताडून बघ. पहिले काही दिवस फार चिडचिड होईल, होऊ दे.

आता पेपरचं. पहिला प्रश्न पहिला सोडवलाच पाहिजे असा नियम कुठेय? प्रश्न क्रमांक नीट घाल आणि जे येतं तिथून सुरू कर. भूमितीच्या ४० मध्ये ४ बहुपर्यायी, ४ एकेका मार्काची उत्तरं, आणि कृती पूर्ण करायच्या ४ आणि ३ मार्कांच्या, म्हणजे १५ मार्क असे की ज्यात फार लिहायचंच नाही. कृतीत तर अर्धं गणित त्यांनीच करून दिलेलं असतं, तू चौकटी भरायच्या. हात गार पडले की सरळ कृतीवर जा, दोन चौकटी भरल्यास की गाडी सुरू होते. बहुपर्यायीला मात्र घाई नको, तिथे पहिला लिहिलेला पर्यायच तपासतात, खोडून दुसरा लिहिलास तर उपयोग नाही. आणि रचनेच्या खुणा पुसू नकोस, दरवर्षी पोरं वही सुंदर दिसावी म्हणून खोडरबर फिरवतात आणि मार्क घालवतात.

अकरावीतली_ताई
सरांना +१. मी गेल्या वर्षी दिली, त्यामुळे ताजं ताजं सांगते. रात्री दोनपर्यंत जागणं आधी बंद कर, पेपर सकाळी ११ ला असतो आणि साडेदहाला तू वर्गात पाहिजेस, तुझा मेंदू रात्री एकला फॉर्मात यायला शिकला तर तिथे जांभया देणार. मी रविवारी बरोबर ११ ला जुना पेपर घेऊन बसायचे, मोबाईल आईकडे, घड्याळ समोर, आणि दोन तास झाल्याशिवाय उठायचं नाही, तहान लागली तरी बाटली जवळच. २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जास्त देतात पण ती सरावात धरू नकोस, ती आकृत्यांना नावं दिली का, एककं लिहिली का, हे बघायला ठेव. आणि पेपर झाल्यावर गेटवर थांबून 'तुझं उत्तर काय आलं' करत बसू नको यार, मराठीचा पेपर झाल्यावर माझ्या मैत्रिणी रडत होत्या आणि पुढचा पेपर पण त्याच मूडमध्ये दिला.

बिनधास्त_बंड्या
अरे भावा मार्काबिर्कांनी काय होत नाय, टेन्शन नको घेऊ, चिल

कर्कटक_हरवला
@बंड्या चिल म्हटल्याने चिल झालो असतो तर इथे कशाला आलो असतो 😅 ताई, पेपर मधेच ब्लँक झालं तर तेव्हा नेमकं काय करायचं?

दोन_पोरांची_आई
त्याचं मी सांगते, माझ्या थोरल्याला हेच व्हायचं. पेन खाली ठेवायचं, पाणी प्यायचं, आणि श्वास घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, चारपाच वेळा. हे मेडिटेशन नाही रे, डोळे उघडेच ठेव. श्वास लांब सोडला की छातीतली धडधड खाली येते, आणि डोकं 'आता नापास' ह्या विचारात अडकलेलं असतं ते जरा मोकळं होतं. मग त्या प्रश्नाला अर्धं पान कोरं सोडून पुढे जायचं.

पप्पांना धडे मोजू देऊ नकोस, सोडवलेला पेपर दे आणि म्हण तपासा. त्यांना काळजी आहे, फक्त ती कुठे ठेवायची कळत नाहीये. काकांचं काही करता येणार नाही. आणि झोपच लागेना, जेवण जाईना असं व्हायला लागलं तर घरी सांग, किंवा १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कर्कटक_हरवला
थँक्यू काकू. पप्पांना भूमिती येते का हा वेगळाच प्रश्न आहे. सर, समरूपतेत बाजू चुकतात त्याचं पण सांगा ना

निवृत्त_मास्तर
आकृतीकडे बघून बाजू जोडायच्या नाहीत, त्रिकोण फिरवून काढलेला असला की डोळा फसतो. आधी समान कोन बघून शिरोबिंदू जोड. त्रिकोण एबीसी समरूप त्रिकोण पीक्यूआर असं एकदा बरोबर क्रमाने लिहिलंस की पहिली दोन अक्षरं एबी-पीक्यू, शेवटची दोन बीसी-क्यूआर, पहिलं-शेवटचं एसी-पीआर. सरावसंच १.३ आज ह्याच पद्धतीने सोडव, अडलास तर इथेच लिही, मी रात्री नऊपर्यंत असतो.