मेघनेतला पीटी-७६: पाणी कसं करू, आणि वर काय तरंगेल?

मिरज_१_३५:
नमस्कार मंडळी. पीटी-७६ या पाण्यात पोहणाऱ्या रणगाड्याचं १/३५ प्रमाणातलं मॉडेल जोडून झालंय, वेदरिंग (वापरून मळल्यासारखं रंगकाम) तेवढं बाकी. विषय डिसेंबर १९७१ चं बांगलादेश युद्ध. मेघना नदीवरचा आशुगंजचा रेल्वे पूल पाकिस्तानी सैन्यानं उडवला, तरी जनरल सगतसिंगांच्या भारतीय ४ कोअरनं मेघना ओलांडली. जवान हेलिकॉप्टरनं गेले आणि हे रणगाडे पोहत. मला भर पात्रातला एकच रणगाडा दाखवायचाय, बेस ४० बाय २५ सेंमी. इपॉक्सी रेझिन मातकट रंग घालून ओतावं म्हणतोय, २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावरून दिसायचं तसं पाणी. पूल उडालाय म्हटल्यावर वर सामानही भरपूर: फळ्या, रुळांखालचे लाकडी स्लीपर, ड्रम, जलपर्णी. रेझिन किती जाड ओतायचं? आणि कचरा वरून ठेवल्यासारखा दिसू नये म्हणून काय करता?

घाटावरचा:
कचऱ्याचं नंतर बघू, आधी रंग. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तो ऑगस्ट होता राव, तुमचा रणगाडा डिसेंबरात पोहतोय! तिकडचाही पावसाळा तोवर संपलेला असतो. शिवाय आशुगंज चांदपूरच्या बरंच वर. पद्मेचा गाळ मेघनेला मिळतो तो खाली चांदपूरला. तेव्हा मातकट रंग डोक्यातून काढा. काळपट हिरवा घ्या, थोडा राखाडीकडे झुकणारा. पुराचे फोटो बाजूला ठेवा आणि थंडीत सकाळी सरकारी घाटावर जाऊन बघा, त्याच्या जवळपासचं काहीतरी हवंय.

दुसरं म्हणजे रेझिन कशाला? भर पात्रात तळ दिसत नाही. जे दिसणारच नाही त्यासाठी महागाचं पारदर्शक द्रव्य ओतायचं हे मला कधी पटलेलं नाही. रेझिन काठाच्या उथळ पाण्याला ठेवा. इथं एक्सपीएस फोमची (थर्माकोलसारखा, पण घट्ट) शीट घ्या, रणगाड्याच्या आकाराचा खड्डा कापा, वर वॉल पुट्टीचा पातळ हात द्या आणि ओली असतानाच बोटानं, चमच्याच्या पाठीनं लाटा काढा. वाळली की रंग, त्यावर ॲक्रिलिक ग्लॉसचे, म्हणजे चकचकीत वार्निशचे, तीन-चार हात. बारीक तरंगांना त्याचंच घट्ट रूप, ग्लॉस जेल. लाटा मात्र आवरा. नदीतली फूटभर लाट १/३५ मध्ये ९ मिमीसुद्धा भरत नाही, आणि लोक त्यात अरबी समुद्र उठवून ठेवतात.

पुट्टीवाला:
घाटावरच्या काकांशी सहमत. तरी रेझिन ओतायचंच असेल तर फायबरवाल्याकडचं पॉलिएस्टर रेझिन आणू नका, ते थर्माकोल आणि फोम दोन्ही खातं. इपॉक्सी खात नाही. पण एकदम जाड ओतलं की तापतं आणि तडकतं. तीन-चार मिमीचे थर द्या, मध्ये थंड होऊ द्या. पावसाळ्यात तर हातच लावू नका, दमट हवेत वर चिकट, पांढुरका थर धरतो.

मिरज_१_३५:
पुट्टीच करतो मग. रंगाचं पटलं. कचऱ्याचं सांगा ना काका.

घाटावरचा:
सांगतो, पण आधी एक ठरवा. इंजिन चालू की बंद? पीटी-७६ ची इंजिनं त्या लांबच्या पोहण्यात तापली आणि गावकऱ्यांच्या होड्यांनी काही रणगाडे ओढून नेले. चालू असेल तर मागची हायड्रोजेटची (पाणी मागे फेकून रणगाडा पुढे ढकलणारी यंत्रणा) दोन्ही झाकणं उघडी आणि मागे पाणी घुसळलेलं, फेस पांढराशुभ्र न ठेवता मळकट. ओढून नेत असतील तर मागे जवळजवळ सपाट. पुढे ट्रिम व्हेनपाशी (पोहताना नाकावर उभी करतात ती पाणी अडवणारी पाटी) थोडा फुगवटा, बस्स. मला विचाराल तर ओढलेलाच करा. चालू इंजिनाचे सगळे करतात.

आता कचरा. पाण्याबरोबर वाहत चाललेल्या वस्तूभोवती लाट उठत नाही, कारण ती आणि पाणी एकाच वेगानं जातात. लाट उठते पुलाच्या खांबाला, रोवलेल्या बांबूला. मॉडेलवाले फळीमागे पांढरी रेघ ओढतात, तिथेच सोंग उघडं पडतं. तुमची फळी वरून ठेवल्यासारखी दिसते कारण ती पूर्ण जाडीची आहे. खालून तासून टाका, पाठ फक्त वर राहू दे, भिजल्यासारखी काळी करा आणि कडेनं ग्लॉस जेलची बारीक रेघ फिरवा. रिकामा ड्रम उलट बराचसा वर तरंगतो, आडवा. गर्डर बुडाले, त्यांचं नाव काढू नका. स्लीपर साल वृक्षाच्या लाकडाचे असतील तर जेमतेम तरंगतात, एखादं टोक दिसलं तरी पुष्कळ. आणि सामान सारखं पसरू नका. एका बाजूला पुंजका, बाकी पाणी मोकळं.

जलपर्णी हवीच. पान साधारण १० सेंमी धरलं तर तुमच्याकडे ३ मिमी, रंगवलेल्या कागदाला लहान पंच मारा. मध्यभागी दुमडून, चार-सहा पानांचा गुच्छ, पाण्यापासून वर उचललेला. चपटी चिकटवलीत की कमळ होतं. कडेची काही पानं तपकिरी. एखादा झुबका ट्रिम व्हेनला अडकवा, पण अख्खा ताटवा रणगाड्यासमोर नको. जलपर्णीनं हायड्रोजेट तुंबतो, कुठलाही चालक तिला वळसा घालेल.

मिरज_१_३५:
ओढलेलाच करतो. ओढणारी होडी स्क्रॅचबिल्ड, म्हणजे किटशिवाय हातानं, करावी लागेल, बेस थोडा लांबवतो. दोर कसा दाखवू? आणि चालक?

पुट्टीवाला:
दोरासाठी सुती दोरा फेविकॉलमध्ये बुडवून पिळा, म्हणजे धागे उभे राहत नाहीत. ताठ ओढू नका, मध्ये झोळ देऊन थोडा पाण्याखाली जाऊ दे, तेवढा भाग गडद.

घाटावरचा:
चालकाचं झाकण बंद, मधला पेरिस्कोप उंच केलेला. ट्रिम व्हेन उभी असताना तिच्यावरून दिसावं म्हणूनच तो वर येतो. किटमधला तुकडा बघून घ्या, खाली बसवलेला असेल तर आत्ताच सोडवा, वेदरिंगच्या आधी. टरेटचं (तोफेच्या फिरत्या घुमटाचं) झाकण उघडं आणि दोघं बाहेर, त्यातल्या एकाची नजर दोरावर.