मदत हवी आहे: आजोबांच्या डब्यातली चिनी नाणी

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा (आईचे वडील) बोटीवर होते. दापोलीजवळचं त्यांचं घर आवरताना माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत सुतळीत ओवलेली ३१ नाणी आणि फडक्यात गुंडाळलेली दोन मोठी, चांदीसारखी नाणी. आजोबा हाँगकाँग-शांघायच्या गोष्टी खूप सांगायचे, पण या डब्याबद्दल बोलल्याचं आईलासुद्धा आठवत नाही. मला यातलं काही विकायचं नाही. काय आहे ते कळावं आणि नीट जपता यावं, एवढंच.

सुतळीतली नाणी आपल्या भोकाच्या पैशाहून जरा मोठी, पण भोक चौकोनी. एका बाजूला चार चिनी अक्षरं. मागच्या बाजूला भोकाच्या डाव्या-उजव्या हाताला मात्र वेगळीच लिपी, वरून खाली लिहिलेली, मोडीसारखी वळणाची. सगळ्यांवर हिरवा कळंक चढलाय. मामेभावाने हौसेने चार नाणी चिंच लावून घासली, ती पिवळीधमक झाली. ती बघून मला रडू आलं. बाकीची मी लपवून ठेवली आहेत.

मोठ्या नाण्यांपैकी एकावर टक्कल पडलेला, मिशीवाला, गणवेशातला माणूस आहे आणि डोक्यावर सहा अक्षरं. मागे धान्याच्या लोंब्या. सोनाराच्या काट्यावर वजन २३.४ ग्रॅम भरलं. दुसऱ्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ आणि ढाल, खाली १९०२. ते २६.९ ग्रॅम. पण त्यावर कुणीतरी पाच-सहा ठिकाणी बारीक ठसे मारून वाट लावली आहे.

ही खरी आहेत का? कळंक काढावा का? आणि भाऊ सिंगापूरला असतो, तो दिवाळीला आला की तपासायला तिकडे घेऊन जातो म्हणतोय. द्यावीत का?

प्रतिसाद

ताई, आधी चिंचेचं. उरलेल्या २७ नाण्यांना काहीही लावू नका, ब्रशसुद्धा नको. तो थर म्हणजे नाण्याच्या वयाची खूण असते आणि संग्राहक आधी तीच बघतो. घासलेली चार परत पूर्वीसारखी होणार नाहीत, पण टाकू नका. फक्त हिरव्या भुकटीसारखं काही सुटत असेल तर ते नाणं वेगळं ठेवा, ते पसरतं. पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) पाकिटात ठेवू नका, कोकणातल्या दमट हवेत तर नकोच.

मागची लिपी मांचू आहे, म्हणजे ही छिंग घराण्याची, चीनच्या शेवटच्या राजघराण्याची नाणी. पुढची अक्षरं आधी वर, मग खाली, मग उजवीकडे, मग डावीकडे अशी वाचायची. पहिली दोन बादशहाच्या राजवटीची. मागे डावीकडे बहुतेक 'बो' असतं आणि उजवीकडे टांकसाळीचं नाव. खांगशी (१६६२-१७२२) आणि छियेनलुंग (१७३६-१७९५) यांची नाणी अफाट पाडली गेली, त्यामुळे जुनी असूनही ती स्वस्तच मिळतात. ३१ मध्ये एखादं श्येनफंगचं (१८५१-१८६१) मोठ्या दर्शनी किमतीचं निघालं तर बघा. छिंग राजवटीविरुद्धच्या थायफिंग बंडाच्या खर्चापायी तेव्हा दहा, पन्नास, शंभरची नाणी पाडली होती. ती आकारानेच वेगळी दिसतात.

मिशीवाला म्हणजे युआन शिकाय, बादशाही गेल्यावर चीनच्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झालेला. सहा अक्षरं म्हणजे प्रजासत्ताकाचं तिसरं वर्ष, १९१४. पुढच्या वर्षांच्या नाण्यांवर सात अक्षरं आहेत. पण अस्सल नाणं साधारण २६.७ ग्रॅमचं असतं. झिजून तीन ग्रॅम जात नाहीत. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा, म्हणजे धातूची घनता कळेल. चांदीचं असेल तर १०.३ च्या आसपास येतं, पितळ साडेआठच्या आसपास.

आता ती त्रिशूळवाली बाई. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर भिंगातून बघा, बारीक 'बी' अक्षर सापडेल. असेल तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पडलेलं आहे! चीन, हाँगकाँग, मलाया इथल्या व्यापारासाठी इंग्रजांनी १८९५ पासून हे डॉलर पाडले. आणि ते ठसे म्हणजे खराबी नव्हे. चिनी सावकार आणि व्यापारी चांदी पारखून स्वतःची खूण मारत. तुमचं नाणं किती हातांतून गेलं त्याच्या त्या सह्या आहेत.

भावाकडे देऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. इथल्याच जाणकाराला दाखवा.

धागाकर्ती

खूप खूप आभार. काल रात्री पाण्याचा प्रयोग केला. युआन शिकायचा आकडा २.७ आला, म्हणजे भागाकार ८.७ च्या आत. खोटंच निघालं. आईला म्हटलं, आजोबांना कुणीतरी बंदरावर फसवलं असेल. ती म्हणाली, असू दे, पुन्हा त्याच फडक्यात ठेव.

आणि त्रिशूळावर 'बी' आहे! आजोबा माझगावला राहायचे, बोट मुंबईहूनच धरायचे. भावाला कळवलंय की नाणी बघायची तर दापोलीला ये.

सुतळी मात्र कुजत आली आहे, हात लावला की तुटते. नाणी त्याच क्रमाने ठेवून ती कशी सोडवायची, हे कुणी सांगेल का?